स्टेजवरची ती भिंत आणि माझा जळलेला ट्रान्सफॉर्मर

आजचा भाग आवाजाचा आहे, आणि त्यात थोडा जळका वासही आहे.

रॉक बँडच्या जुन्या फोटोंमध्ये गिटारवाल्याच्या मागे काळ्या खोक्यांची भिंत दिसते ना? मला वाटायचं, निव्वळ शायनिंग. खरं तर स्पीकर उडत होते, म्हणून ती उभी राहिली.

पश्चिम लंडनमधलं हॅनवेल. जिम मार्शल या ड्रमरने तिथे १९६० मध्ये वाद्यांचं दुकान टाकलं. गिटारवाल्या पोरांना अमेरिकेचा फेंडर बेसमन अ‍ॅम्प हवा असायचा, पण तो महाग. मग १९६२ मध्ये मार्शल, केन ब्रान आणि डडली क्रेव्हन यांनी बेसमनचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा अ‍ॅम्प बनवला, जेटीएम ४५.

सर्किट जवळपास तेच, स्पीकर मात्र वेगळे. बेसमनमध्ये १० इंची चार होते. मार्शलने आधी सेलेशनचे १२ इंची दोन लावून पाहिले, प्रत्येकी १५ वॅटचे. म्हणजे एकूण ३० वॅट. अ‍ॅम्पही साधारण तेवढाच. हिशोब जुळला? नाही! व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की तो कागदावरच्या आकड्याच्या बराच वर जातो. स्पीकर उडायला लागले. मग बंद खोक्यात चार बसवले.

आता ओहमचा प्रश्न. १६ ओहमचे चार स्पीकर पॅरलल जोडले तर होतात ४ ओहम, सिरीजमध्ये ६४. पण दोन-दोनच्या सिरीज जोड्या करून त्या पॅरलल जोडल्या की परत १६! वॅट चौपट, ओहम तेवढेच.

१९६५ मध्ये 'द हू'च्या पीट टाउनशेंडला १०० वॅटचा अ‍ॅम्प हवा झाला. तोवर स्पीकर २० वॅटचे झाले होते, पण चारांचे ८०च. म्हणून एका खोक्यात आठ. ते धूड उचलता उचलता माणसं वैतागली, आणि मग चार-चारची दोन खोकी एकावर एक आली. हीच ती भिंत.

आता माझी गोष्ट. बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका सिनियर दादाने विश्वासाने त्याचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प दिला. स्पीकरचा कोन फाटला होता. मी स्पीकर काढला आणि 'अ‍ॅम्प तरी ठीक आहे का बघू' म्हणून स्पीकरशिवायच चालू करून गिटार जोरात वाजवली. दोन मिनिटांत वास आला. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला! ओहमचा नियम मला तोंडपाठ होता. पण स्पीकर हाही सर्किटचाच भाग आहे, हे डोक्यातच आलं नाही. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पला लोड मिळाला नाही की ट्रान्सफॉर्मरमध्ये भलताच व्होल्टेज चढतो आणि आतलं इन्सुलेशन फुटतं.

म्हणून स्पीकर बदलताना अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेले ओहम आणि जोडणीचे एकूण ओहम सारखे ठेवा. मल्टिमीटर ८ ओहमच्या स्पीकरला सहा-साडेसहा दाखवतो, त्याने गोंधळू नका. तो डीसी रेझिस्टन्स मोजतो. स्पीकरचे एकूण वॅट अ‍ॅम्पपेक्षा भरपूर जास्त हवेत. जोरात वाजवणार असाल तर दुप्पट धरा. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पचं उलटं असतं. त्याला स्पीकर नसला तरी सहसा चालतं, पण ठरलेल्यापेक्षा कमी ओहम त्याला मारतात. आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्पची चासी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका व्होल्टेज राहू शकतो.

दादा ओरडला नाही. 'आधी स्पीकर, मग स्विच,' एवढंच म्हणाला. ट्रान्सफॉर्मरचे पैसे मी सहा महिने फेडत होतो. शेवटचा हप्ता दिला त्या दिवशी त्याने तोच अ‍ॅम्प परत माझ्यासमोर ठेवला, वाजवायला.

मी आधी मागची वायर तपासली. भेटू पुढच्या भागात!