आधी शिक्षकाला रानात न्या

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधल्या निसर्ग-इतिहासाच्या नव्या विभागात तिशीच्या घरातल्या एका तरुणाची ‘गाइड लेक्चरर’ म्हणून नेमणूक झाली. पगार महिना ३५० रुपये. म्युझियम बघायला येणाऱ्यांना काचेपलीकडचे प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, हे काम. त्या तरुणाचं नाव सालिम अली. पक्षिशास्त्रज्ञ म्हणून त्यांना सारा देश ओळखतो. मी मात्र जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे त्यांच्या आयुष्यातली ही थोडक्या दिवसांची नोकरी मला फार मोलाची वाटते. नुसत्या वस्तू मांडून भागत नाही, त्या दाखवणारा जाणता माणूस शेजारी उभा लागतो, हे तेव्हाच्या चालकांना कळलं होतं. शाळांसाठी निसर्गशिक्षणाची साधनं आपल्याकडे तेव्हापासून तयार होत आली आहेत. त्यातलं काय मुलांपर्यंत पोचलं आणि काय कपाटात पडून राहिलं, हे पाहिलं की दरवेळी याच माणसापाशी येऊन थांबावं लागतं.

म्युझियमच्या त्या विभागामागे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतल्या आठ निसर्गप्रेमींनी ती स्थापन केली. त्यांत सहा इंग्रज होते आणि दोन आपले डॉक्टर. एक प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग तर्खडकर आणि दुसरे सखाराम अर्जुन. सखाराम अर्जुनांनी मुंबईतल्या औषधी द्रव्यांची सूची १८७९ मध्येच तयार केली होती. डॉ. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. पुढे देशभर गाजलेल्या या मुलीच्या शिक्षणाला पाठबळ देणारा माणूस आणि पाला-मुळ्यांची शास्त्रशुद्ध नोंद ठेवणारा माणूस एकच होता, याचं मला अप्रूप वाटतं.

सोसायटीजवळ सुरुवातीला स्वतःची जागा नव्हती. भायखळ्याच्या म्युझियममध्ये बैठका होत. नंतर फिप्सन यांच्या मद्याच्या पेढीत तिचा संसार हलला. तिथेच ‘विल्यम’ नावाचा एक धनेश वर्षानुवर्षं राहत होता आणि तोच पुढे सोसायटीच्या बोधचिन्हावर आला. शाळकरी सालिम हातात एक मेलेली चिमणी घेऊन याच सोसायटीत गेले. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली ती चिमणी कोणती, एवढंच त्यांना विचारायचं होतं. सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला वाटेला लावलं नाही. त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. मिलार्ड शिक्षक नव्हते, पण आमच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम त्यांनी त्या दिवशी केलं. मुलाच्या प्रश्नाला त्यांनी आपला वेळ दिला.

म्युझियममधला विभाग उभा करण्यात एस. एच. प्रेटर यांचा मोठा वाटा होता. पेंढा भरलेले प्राणी नुसते ओळीने न मांडता ज्या रानात ते राहतात ते रान मागे उभं करायचं, ही रीत त्यांनी तिथे रुजवली. धनेशाची ढोली, गव्याचं जंगल, रोहित पक्ष्यांचं पाणथळ हे देखावे आजही तिथे आहेत आणि सहलीला आलेली मुलं आजही त्यांच्यापुढे रेंगाळतात. प्राणी कुठे राहतो, हे तो कसा दिसतो याइतकंच महत्त्वाचं आहे, हा पाठ त्या काचांनी कित्येक पिढ्यांना दिला.

पण मुंबईचं म्युझियम मुंबईच्या मुलांना. गावोगावच्या शाळांचं काय? १९४१ मध्ये सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं आणि १९४८ मध्ये प्रेटर यांचं प्राण्यांवरचं. दोन्ही इंग्रजीत. स्वातंत्र्याच्या त्याच सुमारास सोसायटीने सरकारी मदतीने शाळांसाठी निसर्गशिक्षणाची योजना हाती घेतली. तिच्यातून छोट्या पुस्तिकांची एक माला निघाली. पक्षी, प्राणी, पावसाळी वनस्पती असे साधे विषय, आठ-आठ रंगीत चित्रं, किंमत रुपयाच्या आसपास, आणि भारतीय भाषांतल्या आवृत्त्या. पावसाळी वनस्पतींवर वेगळी पुस्तिका काढणाऱ्याला आपल्या शाळांचं वर्ष नीट ठाऊक होतं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हाच जमिनीतून सगळं वर येत असतं. त्या दिवसांत शिक्षकाच्या हाती असं पुस्तक असेल तर पहिल्या आठवड्याचा अभ्यास कुंपणापाशीच होतो.

याच काळात, आमच्या भागात, दुसरा एक प्रयोग चालू होता. मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. तेव्हा जिल्हा ठाणे होता, २०१४ मध्ये पालघर झाला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या. माँटेसरीची साधनं परदेशी आणि महागडी. वारली पाड्यावर ती कुठून आणायची? त्यांनी बिया, शिंपले, खडे, पानं, बांबू, माती यांतून साधनं घडवली. आकार, वजन, रंग, मोजणी हे सगळं मूल अंगणातल्या वस्तूंवर शिकू लागलं. अंगणवाडी हा शब्द पुढे सरकारी योजनेत गेला, पण त्याचं मूळ इथल्या शेणाने सारवलेल्या अंगणात आहे.

अंगणवाडीपेक्षाही मला कुरणशाळा महत्त्वाची वाटते. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. शिक्षिका सामान घेऊन मुलांच्या मागोमाग चरणीच्या जागी जायची. तिथे गवत, किडे, ओढा, झाडं सगळं समोर. अक्षर आणि अंक त्यातूनच शिकवायचे. निसर्गशिक्षण हा शब्द तिथे कुणी वापरला नसेल, पण मुलांच्या रानातल्या माहितीला पहिल्यांदा शाळेच्या हिशेबात धरलं गेलं ते इथे. गुराख्याच्या पोराला कोणतं गवत गाय खाते आणि कोणतं टाळते हे पाठ असतं. आमच्या वर्गातली वारली मुलं पहिल्या पावसानंतर शेवळाची भाजी आणायची. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची फळं घालतात, हे मला आठ वर्षांच्या मुलीने सांगितलं. वनस्पतीचा गुण, त्यावरचा उतारा आणि ऋतू, तिन्ही एका वाक्यात. डी.एड.च्या कुठल्याही पुस्तकात ते नव्हतं.

पुढची पन्नास वर्षं धोरणांची आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शाळांची एक जुनी सवय मोडली. पूर्वी विज्ञानाच्या खोलीत अंडी, टाचणीने खोचलेली फुलपाखरं, बरणीतले साप असत. कायद्यानंतर गोळा करण्याऐवजी जागेवर जाऊन बघणं, नोंदणं, चित्र काढणं हा मार्ग उरला आणि मुलांच्या दृष्टीने तोच चांगला होता. १९७५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने प्राथमिक वर्गांत परिसर अभ्यास आणला. १९७६ पासून वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेने शाळाशाळांत निसर्ग मंडळांची चळवळ सुरू केली. १९८४ मध्ये अहमदाबादला पर्यावरण शिक्षण केंद्र निघालं. ‘जॉय ऑफ लर्निंग’ ही त्यांची हस्तपुस्तिका खास शिक्षकांसाठी होती आणि तिच्यात धड्यांऐवजी कृती होत्या. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने पर्यावरणाचं रक्षण हा गाभाघटक ठरवला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता खटल्यात पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा करायला सांगितलं. २००१ नंतर राष्ट्रीय हरित सेना आली आणि आमच्याकडे ती सामाजिक वनीकरण विभागामार्फत चालली.

कागदावर ही चढती कमान आहे. शाळेत काय झालं ते मी पाहिलं आहे. १९८७ नंतर खडू-फळा योजनेतून शाळांना नकाशे, तक्ते, विज्ञानाची पेटी असं सामान मिळालं. मी ज्या एका शाळेत रुजू झाले, तिथे प्राण्यांचे तक्ते गुंडाळी न सोडता कपाटात होते. कारण साधं होतं. वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढलेली, फाटली तर मुख्याध्यापकाने जबाब द्यायचा. वापरली नाही तर कुणी विचारत नाही. तक्ता चांगला होता, छपाई चांगली होती. तो कसा वापरायचा हे शिक्षकाला कुणी दाखवलं नव्हतं आणि खराब झाल्यावर काय होणार याची भीती मात्र पक्की होती. सक्ती आल्यावर विषय परीक्षेत गेला, परीक्षेतून प्रकल्पवहीत गेला. स्टेशनरीच्या दुकानात वन्यप्राण्यांच्या चित्रांचे तयार तक्ते मिळतात. मूल त्यातून आफ्रिकेतला सिंह कापतं, वहीत चिकटवतं, खाली दोन ओळी उतरवतं. शाळेमागच्या वडावर राहणारं पिंगळ्याचं जोडपं त्या वहीत कधीच येत नाही.

उलट जाणारं एक उदाहरण आठवतं. नव्वदच्या दशकात आमच्या एका केंद्रप्रमुखांनी मासिक शिक्षण परिषद वर्गात न घेता शाळेजवळच्या ओढ्यावर घेतली. त्यांनी सगळ्या गुरुजींना आणि बाईंना एकच काम दिलं: बसल्या जागेवरून दिसणाऱ्या दहा वनस्पतींची नावं लिहा. बहुतेकांची गाडी पाच-सहावर अडली. मग तिथे गुरं घेऊन आलेल्या एका आजोबांना बोलावलं. त्यांनी नावं सांगितली, शिवाय कोणत्या झाडाचा चीक डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, कोणत्या सालीचा दोर होतो, कोणती फळं माकडं आधी खातात, हेही सांगितलं. दुपारी आम्ही त्याचे पाठ तयार केले. मराठीच्या शिक्षकांनी वर्णनाचा केला, गणिताच्या शिक्षकांनी पानांच्या मोजमापाचा. त्यानंतर केंद्रातल्या शाळांत वर्ग बाहेर बसलेले दिसू लागले. त्या दिवसाचा खर्च चहाचा आणि कागदाचा.

माझा स्वतःचा आवडता पाठ सुगरणीच्या घरट्याचा. पाऊस सरला की शिंदीच्या झाडाखाली वाऱ्याने गळून पडलेली जुनी घरटी सापडतात. असं एक घरटं मुलांच्या मधोमध ठेवायचं. आधी हात न लावता बघायचं, मग हातात घ्यायचं. गवताच्या आणि शिंदीच्या पानाच्या पट्ट्या किती अरुंद चिरल्या आहेत, गाठ कुठे आहे, तोंड खाली का आहे. आतल्या भिंतीवर चिखलाचे गोळे लिंपलेले सापडले की मुलं थक्क होतात. मग अर्धवट सोडलेलं, टोपीसारखं घरटं शेजारी ठेवायचं आणि विचारायचं, हे अर्धंच का? याचं उत्तर सालिम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला शोधलं. विणतो तो नर. अर्धं घरटं झालं की माद्या येऊन तपासतात. पसंत पडलं तर मादी ते ताब्यात घेते आणि नर पुढची नळी पूर्ण करतो. मग तो दुसरं घरटं विणायला घेतो. नापसंत झालेली तशीच लटकत राहतात. म्युझियमची नोकरी सुटल्यानंतरच्या बेकारीच्या काळात त्यांनी हे पाहिलं. त्यासाठी लागलं ते घरटी लागलेलं एक झाड, वही आणि चिकाटी. कोकणातल्या कुठल्याही शाळेला एवढं सामान परवडतं.

साधनं लिहिणाऱ्यांनीही अधूनमधून हे ओळखलं आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने प्राथमिक शाळेसाठी ‘हलकंफुलकं विज्ञान’ ही मालिका केली. तिच्यात पहिली-दुसरीसाठी मुलांच्या हातात पुस्तकच नाही, शिक्षकासाठी आहे. सहा वर्षांच्या मुलाने पाहायचं, बोलायचं, चित्र काढायचं, आणि ते कसं करून घ्यायचं हे शिक्षकाने वाचायचं. गोरेगावला सोसायटीचं ३३ एकरांचं निसर्गशिक्षण केंद्र बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे. तिथे मुलांना नेणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं असतं, की सहलीच्या आधी तुम्ही एकदा एकटे जाऊन या. पायवाट पायाखालची झाली की मुलं काय विचारतील याचा अंदाज येतो.

शंभर वर्षांच्या या हिशेबात माझा निवाडा असा. म्युझियममधला व्याख्याता, रुपयाची पुस्तिका, कुरणावरची शिक्षिका, ओढ्यावरची परिषद, यांनी काम केलं, कारण या प्रत्येकाने आधी मोठ्या माणसाला बघायला लावलं. जे साधन शिक्षकाला वगळून थेट मुलाच्या दप्तरात किंवा शाळेच्या कपाटात गेलं, ते तिथेच राहिलं. नवीन तक्ते, अॅप, चित्रफिती येतील आणि यायला हव्यात. त्यांच्यावर खर्च करणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक सेवांतर्गत प्रशिक्षणातला एक पूर्ण दिवस शाळेच्या आवाराबाहेर ठेवा, आणि त्या दिवशी गावातल्या जाणत्या गुराख्याला, मासेमारी करणाऱ्या बाईला, वैदूला तज्ज्ञ म्हणून मानधन देऊन बोलवा. आणि शिक्षकांनो, परिपत्रकाची वाट पाहू नका. येत्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला की वर्ग कुंपणापाशी न्या. आधी तुम्ही बघा, मग मुलांना दाखवा.