आंजीची माती, गोदावरीचं मुख

वर्धा तालुक्यातल्या आंजी (मोठी)च्या शिवारात पाऊस धो धो कोसळला की काळ्या रानातलं गढूळ पाणी नाल्यांतून धाम नदीला मिळतं. धाम वेणेला, वेणा वर्धेला. पुढे चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. आंध्रात धवळेश्वरमखाली गोदावरीला फाटे फुटतात, तिथे विदर्भातली ही माती समुद्राकाठी नवी जमीन घडवते.

या मातीचा हिशेब मांडण्यात पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. १९८०च्या दशकात दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जी. बिक्षम यांनी गोदावरी खोऱ्यावर डॉक्टरेट केली. १९८८ साली त्यांनी आणि व्ही. सुब्रमण्यन यांनी आकडा मांडला: वर्षाला सुमारे १७ कोटी टन गाळ, त्यातला बहुतेक पावसाळ्यातला. म्हणजे नमुने घ्यायचे तेही नदी फुगलेली असतानाच.

अशा कामाला पैसा लागतो. १९८४पासून विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप राष्ट्रीय परीक्षेतून मिळू लागली; १ जानेवारी २०२३पासून ती महिना ३७,००० रुपये आहे. तेवढ्यात विद्यार्थ्याचं घर चालतं. समुद्रतळाला भोक पाडून गाळाचा गाभा काढणं मात्र त्याच्या आवाक्याबाहेरचं.

तो गाभा मिळाला भलत्याच खर्चातून. २००६ साली भारताच्या गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी ‘जॉयडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात छिद्रं घेतली. इंधनाच्या शोधात वर आलेला गाळ अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेत पोहोचला आणि कॅमिलो पाँटन यांच्या २०१२च्या प्रबंधाचा आधार बनला. लिव्यू जोसान आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली त्यातूनच दाखवलं, की सुमारे ४,००० वर्षांपूर्वी पाऊसमान घटत गेलं, दख्खनच्या पठारावर शेती पसरली आणि काळ्या मातीची धूप झपाट्याने वाढली.

आता उलट घडतंय. गाळ धरणांत अडतो, त्रिभुज प्रदेशाला पुरेसा मिळत नाही. बी. हेमा मालिनी आणि के. नागेश्वर राव यांनी २००४ साली दाखवून दिलं, की १९७०च्या दशकाशी ताडून पाहता १९९०च्या दशकात नदीचा गाळ जवळपास एक तृतीयांशावर आला होता आणि किनारा खचत होता.

एवढा अभ्यास झाला तो बहुतांशी नदीच्या खालच्या टोकाला. माती जिथून सुटते, त्या टोकालाही तो हवा, आणि तिथे आधार तयार आहे. आंजीच्या खालच्या अंगाला, धामकाठच्या पवनारला, नागपूर विद्यापीठाने १९६७मध्ये एका प्राचीन वस्तीचं उत्खनन केलं, शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्या वस्तीचा काळ आणि धामकाठचे गाळाचे थर एकत्र वाचणं हा वर्ध्याच्या विद्यार्थ्यासाठी उत्तम विषय आहे. बार्टी, सारथी आणि नागपूरची महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था संशोधकांना फेलोशिप देतात. त्यांनी तिच्या जोडीला क्षेत्रकामाचा आणि कालमापनाचा खर्च वेगळा दिला, तर हा प्रबंध विदर्भातच उभा राहू शकतो.