पूर ओसरल्यानंतरचा इतिहास

बीड शहराच्या मधून वाहणारी बिंदुसरा वर्षातले बरेच महिने नावापुरतीच नदी असते. 23 जुलै 1989 रोजी, बकरी ईद नुकतीच होऊन गेलेली असताना, तीच नदी काठच्या वस्त्यांत शिरली. माणसे दगावली, संसार वाहून गेले. शहराच्या इतिहासात या पुराला दोन-तीन ओळी मिळतात. पाणी उतरल्यावर लोकांनी घरे पुन्हा राहण्याजोगी कशी केली, हे त्या ओळींत नाही.

ते आम्ही घरातल्या वडीलधाऱ्या बायांकडून ऐकले. गाळ ओला असतानाच घमेल्यांनी उपसायचा, कारण वाळला की तो कुदळीशिवाय निघत नाही. भिजलेली ज्वारी लगेच पसरायची, नाहीतर आंबते. कोंदट वास जावा म्हणून कुणी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी करी, कुणी ऊद जाळी. पावसाळ्यात ऊन कुठले? कपडे आणि कागद चुलीच्या धगीवरच वाळवायचे.

कागदांचा जीव सर्वांत नाजूक. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि सरकारी व्यवहार उर्दूत चाले. म्हणून जुन्या पेट्यांत उर्दू खरेदीखते, सनदा असत. भिजलेली घडी घाईने उलगडली की फाटते, शाई पसरते. 2023 साली कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यात निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद शोधले जाऊ लागले, तेव्हा अशा एकेका कागदाची किंमत सगळ्यांनाच कळली.

भिंतींची गोष्ट मात्र वेगळी. मातीची भिंत पुरात उभी राहिली म्हणजे वाचली, असे नसते. ती पाणी पिऊन जड आणि कमजोर झालेली असते. वरून कोरडी दिसली तरी पोटात ओल राहते. त्यावर सिमेंटचा गिलावा असेल तर ओलीला बाहेर पडायला वाटच मिळत नाही. शिवाय आपली काळी जमीन भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणून कितीतरी तडे पूर ओसरल्यावर काही आठवड्यांनी, ऊन तापल्यावर दिसतात.

सप्टेंबर 2025 मध्ये सिंदफणा आणि गोदावरीच्या काठी पुन्हा घरे बुडाली. आष्टी तालुक्यात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. पंचनामे झाले. पण पंचनामा त्या दिवशी पडलेली भिंत मोजतो, ऑक्टोबरच्या उन्हात पडणारी नाही.

28 सप्टेंबर 1908 रोजी हैदराबादेत मुसी नदीने हजारोंचे बळी घेतले. बीडही तेव्हा त्याच राज्यात होते. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले आणि पुढे उस्मानसागर, हिमायतसागर उभे राहिले. इतिहासात धरणांची नावे राहिली, गाळ उपसणाऱ्या हातांची राहिली नाहीत.

धरण बांधणे सामान्य माणसाच्या हाती नसते, पण त्या हातांना ठाऊक असलेली एक गोष्ट सरकारी नियमात सहज आणता येईल. पूर उतरल्यावर महिन्या-दीड महिन्याने त्याच घरांचा दुसरा पंचनामा व्हावा. घर पुरते सुकल्याशिवाय त्याचे नुकसान कळत नाही.