जलतरण तलावाच्या नळांचे गोठण्यापासून संरक्षण

पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत जलतरण तलावाचे नळ, पंप व गाळणयंत्र फुटू शकतात. कॅनडा व अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यापूर्वी नळांतील पाणी दाबाच्या हवेने बाहेर काढून त्यांच्या तोंडांना बुचे बसवतात. तलाव मात्र सहसा पूर्ण रिकामा करत नाहीत. भूजलाच्या दाबाने त्याचे कवच वर उचलले जाण्याचा धोका असतो.

टेक्साससारख्या उष्ण राज्यात पंप चालू ठेवून पाणी वाहते ठेवण्यावर भिस्त असते. फेब्रुवारी २०२१ मधील शीतलाटेत वीजपुरवठा खंडित झाल्याने तेथील अनेक तलावांचे पंप थांबले व नळ फुटले. अशा वेळी पंपाची कळ बंद करून पंप व गाळणयंत्राची निचऱ्याची बुचे काढावीत. कळ चालू राहिल्यास वीज परतताच पंप कोरडा फिरून बिघडतो.