न थांबता हलणारं बिऱ्हाड

चालू कामात खंड न पाडता बँकेची एखादी शाखा दुसऱ्या इमारतीत हलवायची, आणि खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, असं कोणी म्हणालं तर आपण त्याला वेड्यात काढू. संगणकांच्या दुनियेत मात्र हे रोज घडतं. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, काम करता करताच एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर जातो. अडचण येते ती दोन सर्व्हर एका घडणीचे नसले की.

ही अडचण तशी जुनीच. १९६० च्या सुमारास संगणक बदलला की बहुतेक वेळा प्रोग्रॅमही नव्यानं लिहावे लागत. एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमनं ‘सिस्टिम/३६०’ जाहीर केली. लहानमोठी यंत्रं, पण सगळ्यांची भाषा एक, ही त्यामागची कल्पना. अमेरिकेतल्या केंब्रिज गावच्या आयबीएमच्या केंद्रात याच मालिकेतल्या एका यंत्रावर १९६७ साली सीपी-४० ही प्रणाली सुरू झाली. एका यंत्राच्या पोटात १४ आभासी संगणक! प्रत्येकाला वाटे, सगळं यंत्र आपलंच.

पुढे संगणक स्वस्त झाले, ज्याचा त्याचा टेबलावर आला, आणि ही कल्पना मागे पडली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीनं ती इंटेलच्या जातीच्या साध्या संगणकांवर आणली. आभासी संगणक चालू असतानाच हलवण्याची सोय तिनं २००३ मध्ये बाजारात आणली. २००५ साली इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातल्या झेन गटानं कोपनहेगनच्या सहकाऱ्यांसह अशाच स्थलांतराचे प्रयोग प्रसिद्ध केले. (या विषयात केंब्रिज दोनदा यावं, हा योगायोगच.) क्वेक नावाचा खेळ चालवणारा आभासी संगणक त्यांनी खेळ रंगात असताना हलवला. तो थांबला फक्त ६० मिलिसेकंद, म्हणजे पापणी लवायच्या आत.

युक्ती साधी आहे. आभासी संगणक जुन्या घरी काम करतच राहतो, आणि त्याची स्मृती नव्या घरी उतरवली जाते. तेवढ्या वेळात जी पानं बदलली ती पुन्हा पाठवायची, मग त्यातली बदललेली पुन्हा. उरलंसुरलं अगदी थोडं राहिलं की क्षणभर थांबवायचं, तेवढं नेऊन टाकायचं आणि नव्या घरी सुरू करायचं.

पण नवं घर जुन्यासारखं नसेल तर? सुरू होताना कार्यप्रणाली प्रोसेसरला विचारते, तुला काय काय येतं? हा प्रश्न विचारण्याची सोय १९९३ च्या पेंटियममध्ये होती. मिळालेलं उत्तर ती लक्षात ठेवते आणि सहसा पुन्हा विचारत नाही. प्रोसेसर मात्र दर एकदोन वर्षांनी नवं काही शिकतात. २००४ मध्ये इंटेलनं १३ नव्या आज्ञा दिल्या, २००७ च्या अखेरीस आणखी ४७. नव्या सर्व्हरवर सुरू झालेला आभासी संगणक जुन्यावर नेला, तर नेताना काही बिघडत नाही. तासाभरानं किंवा दोन दिवसांनी एखादा प्रोग्रॅम त्यातली एक आज्ञा देतो, जुन्या प्रोसेसरला ती कळत नाही, आणि तो प्रोग्रॅम जागच्या जागी कोसळतो. दोष स्थलांतराचा आहे, हे तोवर कोणाच्या ध्यानातही येत नाही.

यावरचा उपाय म्हणजे चक्क लपवाछपवी. नव्या प्रोसेसरनं विचारणाऱ्याला आपण जुन्याइतकेच शिकलेले आहोत असं सांगायचं! इंटेल आणि एएमडी या दोघांनीही तशी सोय प्रोसेसरमध्येच केली, आणि २००८ साली व्हीएमवेअरनं सर्व्हरांच्या सबंध गटाला एकच पातळी ठरवून देण्याची व्यवस्था आणली. मात्र ज्ञान लपलं तरी ते नाहीसं होत नाही. न विचारताच नवी आज्ञा देणारे आगाऊ प्रोग्रॅम या व्यवस्थेलाही चकवतात. शिवाय ती एकाच कंपनीच्या प्रोसेसरांपुरती होती. एएमडी आणि रेड हॅट यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये इंटेलवरून एएमडीवर चालू स्थलांतर करून दाखवलं खरं, पण दोन कंपन्यांची सरमिसळ आजही टाळलीच जाते.

या सोयीची किंमतही आहे. गटातला सर्वांत जुना सर्व्हर साऱ्यांची पातळी ठरवतो. २०१० मध्ये इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरांत सांकेतिकीकरण झपाट्यानं करणाऱ्या आज्ञा आल्या. पण शेजारी एक म्हातारा सर्व्हर असला, तर पैसे मोजून घेतलेली ती ताकद झाकून ठेवावी लागे. तो म्हातारा निवृत्त झाला की पातळी वर नेता येते. पण आभासी संगणकाला जुनंच उत्तर ठाऊक असतं. नवं कळावं म्हणून त्याला एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. ज्याला कधी थांबावं लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्यालाच.