देवाचे भय : केडगावची 1905 सालची जागृती

ख्रिस्ती धर्मविचारात देवाच्या भयाचे दोन प्रकार मानले जातात : शिक्षेला घाबरणाऱ्या दासाचे आणि पित्याचे मन दुखावू नये म्हणून जपणाऱ्या लेकराचे. संत ऑगस्टीन व थॉमस अक्वायनस यांनी दुसऱ्याला श्रेष्ठ मानले. पहिले मात्र त्यांनी टाकाऊ ठरवले नाही. पापापासून वळण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

मराठी मुलखात या भेदाचे सर्वांत बोलके उदाहरण केडगावच्या मुक्ती मिशन या निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमाचे आहे. वेल्समधील 1904 च्या धर्मजागृतीची वार्ता ऐकून आश्रमाच्या संस्थापक पंडिता रमाबाईंनी 1905 च्या प्रारंभी प्रार्थनेसाठी स्त्रियांचे गट जमवले. जूनअखेर तिथे विलक्षण हालचाल झाली. दुष्काळातून वाचलेल्या मुली, विधवा मोठ्याने रडत पापांची कबुली देऊ लागल्या. धडे थांबले, प्रार्थना तासन्‌तास चालल्या. रमाबाईंच्या सहकारी मिनी अब्राम्स यांच्या लेखनातून ही हकिकत परदेशी पोहोचली.

या वर्णनांत रडण्यामागून आनंद येतो, हे महत्त्वाचे. भीती तिथे थांबत नाही. क्षमेची खात्री पटल्यावर तिचे आदरात रूपांतर होते. पुढे याच मुली टोळ्या करून आसपासच्या गावांत सुवार्ता सांगायला गेल्या.