संस्थेची वास्तू : विटांआधी कागद

सामाजिक संस्थेचे कार्यालय बहुधा कार्यकर्त्याच्या ओसरीवर किंवा भाड्याच्या खोलीत सुरू होते. काम वाढले की स्वतःच्या वास्तूचा विचार पुढे येतो आणि देणगीदारांना आवाहन केले जाते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले. शहरातील प्लेगमुळे १९०० मध्ये आश्रम हिंगण्याला हलविण्यात आला. रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर तेथे प्रथम उभी राहिली ती सुमारे ५०० रुपये खर्चाची झोपडी. आज अशा बांधकामाचा खर्च लाखांत वा कोटींत जातो. पैसा मात्र तेव्हाप्रमाणेच लोकांचा असतो. म्हणूनच पायाभरणीपूर्वी कायद्याच्या चौकटीची माहिती असणे आवश्यक ठरते.

मालकी कोणाची?

राज्यातील धर्मादाय संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. संस्थेची इमारत विश्वस्तांच्या मालकीची नसते. ती विश्वस्त व्यवस्थेची असते. विश्वस्त बदलतात, वास्तूचा उद्देश बदलत नाही. त्यामुळे जागेचे दस्त, बांधकामाचा नकाशा आणि परवानगी संस्थेच्याच नावे असावी. सोयीसाठी एखाद्या पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक नावे केलेला व्यवहार पुढे वारसांच्या दाव्याला निमंत्रण देतो.

जुनी जागा विकताना

अनेक संस्था जुनी जागा विकून नव्या इमारतीसाठी पैसा उभा करतात. मात्र अधिनियमाच्या कलम ३६ नुसार स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल किंवा बक्षीसपत्र करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते. बिगरशेती जमीन वा इमारत ३ वर्षांपेक्षा अधिक आणि शेतजमीन १० वर्षांपेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देतानाही हाच नियम आहे. व्यवहारात संस्थेचे हित, लाभ व संरक्षण आहे किंवा नाही, हे मंजुरी देताना पाहिले जाते.

देणगी कोणत्या कामासाठी?

वादाचा मुद्दा बहुतेक वेळा येथेच उद्भवतो. विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी किंवा रुग्णांच्या औषधांसाठी दिलेला पैसा विश्वस्तांना स्वेच्छेने विटा-सिमेंटकडे वळविता येत नाही. त्यासाठी ‘इमारत निधी’ स्वतंत्र ठेवावा आणि देणगीच्या पावतीवर तसा स्पष्ट उल्लेख असावा. देणगीदारानेही आपला उद्देश लेखी कळविणे हिताचे असते.

आयकराच्या सवलतीसाठी संस्थेने उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांसाठी वापरणे अपेक्षित असते. उद्दिष्टांसाठी उभारलेल्या वास्तूचा भांडवली खर्च त्यात धरला जातो. एकाच वर्षात बांधकाम शक्य नसल्यास विहित पद्धतीने कळवून ५ वर्षांपर्यंत निधी साठविण्याची मुभा आहे.

निविदा आणि नोंद

संस्थेच्या लेखापरीक्षकाला विहित अहवालात एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते : ५,००० रुपयांपेक्षा अधिक खर्चाच्या दुरुस्ती वा बांधकामासाठी निविदा मागविल्या होत्या का? रक्कम आज अगदी किरकोळ वाटेल. पण परिचयातील कंत्राटदाराला परस्पर काम देण्याच्या सवयीला हा प्रश्न अडसर ठरतो. नव्या मालमत्तेमुळे संस्थेच्या नोंदीत होणारा बदल कलम २२ नुसार ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. स्थानिक नियोजन प्राधिकरणाची बांधकाम परवानगी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र यांतून धर्मादाय संस्थेलाही सूट नाही.

ही सारी प्रक्रिया वेळखाऊ वाटते आणि उत्साही कार्यकर्ते तिला कंटाळतात. परंतु कोनशिलेवर मोठ्या देणगीदाराचे नाव कोरले जाते. शंभर रुपये देणाऱ्याचे नाव कोठेच नसते. त्याच्या शंभर रुपयांचे रक्षण करतात ते हेच कागद.